जालन्याची मोसंबी बाग ते वालेन्सिया: आम्हा दोघांचा स्पेनच्या खेड्यांतला गाडीप्रवास

मोसंबीवाली

आम्ही जालना जिल्ह्यातले. साडेचार एकर मोसंबी, थोडी तूर, थोडी कपाशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्या पैशातून काय करायचं हे मनाशी कधीचं ठरलेलं होतं. जिथं आपल्यासारखं ऊन आहे, पाण्याची ओढाताण आहे आणि संत्र्या-मोसंबीच्या बागा आहेत, असा मुलूख ह्यांना दाखवायचा. तोही टूरच्या बसमधून नाही. बस राजवाड्यापाशी थांबते, शेताच्या बांधावर थांबत नाही.

म्हणून स्पेन. २२ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर २०२५.

दिवस असे निवडले कारण तेव्हा बाग ताणावर असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबिया बहार धरायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, पानं थोडी पिवळी पडू द्यायची आणि जानेवारीत पहिलं पाणी सोडायचं. मग झाड फुलतं. बागायतदाराला घर सोडता येतं ते वर्षातल्या एवढ्याच दिवसांत.

रस्ता असा ठरवला: माद्रिदहून दक्षिणेला ला मांचाचं पठार, मग हाएनचे ऑलिव्हचे डोंगर, ग्रानादा, आल्पुहारातली डोंगरातली गावं, खाली समुद्राकडं आल्मेरिया, आणि किनाऱ्यानं वर वालेन्सिया. गाडी तिथं परत करून माद्रिदला रेल्वेनं. लेकीनं पुण्याहून सगळं बुकिंग केलं, पण कुठं थांबायचं ते आम्ही दोघांनी नकाशा अंथरून ठरवलं.

हे ट्रॅक्टर चालवतात, पिकअप चालवतात, तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. पण तिकडं स्टिअरिंग डावीकडं आणि रस्ता उजवीकडून. पहिल्या दिवशी गिअर टाकायला ह्यांचा डावा हात जायचा तो दारावर आपटायचा. चौकाचौकात गोल वर्तुळं आहेत आणि आपल्या उलट दिशेनं फिरायचं असतं. वर्तुळात जो आधीच आहे त्याचा हक्क पहिला. मी शेजारी बसून प्रत्येक वर्तुळाला मोठ्यानं म्हणायची, "उजवीकडून, उजवीकडून." तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "आता नको म्हणू, आता हाताला कळलंय." तरीही मी मनातल्या मनात म्हणत राहिले ते थेट वालेन्सियापर्यंत.

ला मांचात कोन्सुएग्रा गावाच्या टेकडीवर बारा पवनचक्क्या ओळीनं उभ्या आहेत. पांढऱ्याशुभ्र, लाकडी पंखांच्या, पीठ दळायच्या. खाली नजर पोचेल तिथपर्यंत लालसर माती आणि द्राक्षाची बुटकी झुडपं. मांडव नाही, तारा नाहीत, एकेक वेल जमिनीलगत गुडघ्याएवढी. हे गाडीतून उतरले, माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली. "आपल्या पाटोद्याच्या माळासारखी आहे की ही," म्हणाले. बीडकडं माझं माहेर, म्हणून मला बरं वाटावं असं बोलले असतील, पण माती खरंच तशीच होती.

मग हाएन. याच्याबद्दल मला निवांत लिहायचंय. रात्री परत येते, आता बागेत जायचंय.

रानजाई

ताई, किती छान सुरुवात! पुढच्या भागाची वाट बघतेय. मला काही गोष्टी विचारायच्यात. व्हिसाला किती दिवस लागले? आणि शाकाहारी असाल तर जेवणाचं काय केलंत? आम्ही दोघं पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय, पण सासूबाईंनी आत्तापासूनच "तिकडं काय खाणार" म्हणून धसका घेतलाय.

नवा_चालक

आपलं लायसन्स चालतं का तिकडं? मी नांदेडला आहे, इथल्या आरटीओत मिळतं का ते आंतरराष्ट्रीय परमिट?

मोसंबीवाली

@नवा_चालक, हो. आपलं लायसन्स आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असे दोन्ही लागतात. आपल्या आरटीओतूनच मिळतो. नमुना ४अ भरायचा, पासपोर्ट आणि तिकिटाच्या प्रती जोडायच्या. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. गाडी घेताना क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावावरचं मागतात, हे आधी बघून ठेवा. आमच्याकडं कार्ड माझ्या नावावर आणि चालवणार हे. काउंटरवर तास गेला आणि शेवटी लेकीला भारतात मध्यरात्री उठवून दुसरी सोय करावी लागली.

वेगाची मर्यादा मोठ्या महामार्गावर १२०, साध्या दुपदरी रस्त्यावर ९०, आणि गावात बहुतेक गल्ल्यांत ३०. पंपावर 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात. हे दरवेळी दोनदा वाचूनच नळी उचलायचे.

@रानजाई, व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. शेंगेन व्हिसाची मोठ्यांची फी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोचा. मुंबईला बोटांचे ठसे द्यायला दोघांना जावं लागलं. बँकेचं सहा महिन्यांचं खातं नीट ठेवा. शेतकऱ्याचं उत्पन्न हंगामात एकदम येतं, वर्षभर खातं कोरडं दिसतं, म्हणून आम्ही आडतीच्या पट्ट्या आणि सातबारा भाषांतर करून जोडला होता.

जेवणाचं निवांत सांगते. पण "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो" एवढं पाठ करून जा. मांस नको, डुकराचं मांस नको, मासा नको. नुसतं "भाजी" म्हणालात तर त्यांच्या भाजीत हामोनचे तुकडे असतात, आणि साध्या सॅलडमध्ये टुना मासा असतो. ते फसवत नाहीत, त्यांच्या हिशेबी ती भाजीच असते.

मोसंबीवाली

हाएन.

देस्पेन्यापेर्रोस नावाचा घाट उतरलो आणि ऑलिव्ह सुरू झाले. मग दोन दिवस दुसरं काही दिसलं नाही. डोंगर, उतार, दरी, पुन्हा डोंगर, आणि सगळ्यावर हिरव्या-करड्या ठिपक्यांच्या सरळ ओळी. एका हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. वर्गात मी 'भूमध्य सागरी हवामान: ऑलिव्ह, द्राक्षे, लिंबूवर्गीय फळे' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. ते वाक्य डोळ्यांसमोर क्षितिजापर्यंत पसरलेलं बघून मी थोडा वेळ बोललेच नाही.

तोडणी चालू होती. झाडाखाली जाळ्या अंथरतात. ट्रॅक्टरला पुढं एक लांब हात असतो, तो खोडाला धरतो आणि गदागदा हलवतो. चार-पाच सेकंदांत फळं पावसासारखी जाळीवर पडतात. उरलेली लांब काठ्यांनी झोडपून काढतात. बाएथा गावाबाहेर आम्ही रस्त्याकडेला थांबून बघत होतो. तिथला एक म्हातारा मजूर आला, ह्यांच्या हातात काठी दिली आणि खुणेनं दाखवलं, कशी मारायची: फांदीला आडवी नाही, बाहेरच्या बाजूनं, हलकी, म्हणजे पुढच्या वर्षीची कोवळी डिरी तुटत नाहीत. ह्यांनी दोन झाडं झोडली. एकाला स्पॅनिश येत नाही, एकाला मराठी येत नाही, आणि दोघं अर्धा तास बोलत होते.

संध्याकाळी गावातल्या तेलाच्या घाण्यावर ट्रॉल्यांची रांग. वजनकाटा, नमुना काढणं, पावती. आपल्या साखर कारखान्याच्या गव्हाणीबाहेरची रांग आठवते तशीच, फक्त ट्रॉल्या लहान. बहुतेक घाणे सहकारी आहेत. फळ तोडल्यापासून लगेच दळलं नाही तर तेलाचा आंबटपणा वाढतो, म्हणून रात्रीही चालू असतात.

कोरडवाहू

काकू, राग मानू नका, मनात आलं ते विचारतो. मी धारूर तालुक्यातला. सप्टेंबरात एवढी अतिवृष्टी झाली, आमचं सोयाबीन काळं पडलं, जमीन खरवडून गेली. तुमचीही बाग धुतली असेल. त्या वर्षी परदेशात फिरायला पैसा घालायला मन कसं झालं? टोमणा नाही, खरंच समजून घ्यायचंय. आमच्या घरात आई-बापांनी कधी असा विचारच केला नाही.

मोसंबीवाली

राग कशाला रे बाळा. तू विचारलंस ते घरातही विचारलं गेलं.

तिकिटं जूनमध्येच काढली होती, परत केली तर अर्धे पैसेही आले नसते. सप्टेंबरात बागेत चार दिवस पाणी उभं होतं. फळगळीनं निम्मा बहार गेला, बावीस झाडं मुळकुजीनं गेली. हे म्हणाले, जायचं नाही. मी म्हणाले, पैसा माझ्या नोकरीचा आहे, बागेचा नाही, आणि बागेला लागणारा मी बाजूला काढून ठेवलाय. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यात असं एकही वर्ष आठवत नाही की बागेनं, पावसानं, भावानं काहीतरी केलं नाही. चांगल्या वर्षाची वाट बघत बसले असते तर ह्यांचे गुडघे आधी गेले असते. तुझ्या आई-बापांचंही कुठं जायचं मनात असेल, एकदा विचारून बघ.

कोरडवाहू

पटलं. आईला पंढरपूरच्या पुढं कुठं जायचंय का, विचारतो. लिहा पुढं.

बारवप्रेमी

ग्रानादा आणि आल्पुहाराची वाट बघतोय. तिथल्या 'आसेकिया', म्हणजे पाण्याचे पाट, बघितल्या असतील तर सविस्तर लिहा. हा शब्द अरबी 'साकिया'वरून आला. उर्दू शायरीतला 'साकी' त्याच धातूतला, पाजणारा. पाण्याच्या रहाटाला ते 'नोरिया' म्हणतात, तोही अरबी 'नाऊरा'. आपल्या संभाजीनगरात मलिक अंबरानं सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी खापरी नळांतून जमिनीखालून शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. दोन्हीकडची ही विद्या पश्चिम आशियाकडून आली. तिकडं आठव्या शतकापासून अरबांबरोबर, इकडं त्यानंतर बऱ्याच शतकांनी.

मोसंबीवाली

@बारवप्रेमी, तुमचा प्रतिसाद वाचला आणि मला पुन्हा तिथं जाऊन आल्यासारखं झालं.

ग्रानादाचा अल्हाम्ब्रा बघितला, सुंदर आहे, त्याचे फोटो सगळीकडं आहेत. मला तिथलं पाणी आवडलं. जिन्याच्या कठड्यात पन्हळ कोरलेली आहे आणि त्यातून पाणी वाहतं, उतरताना हात बुडवत उतरायचं. ते पाणी डोंगरावरून, सहा किलोमीटर लांबच्या पाटानं आणलेलं. जेवायला तिथं तळलेल्या वांग्याच्या चकत्या मिळाल्या, त्यावर काळसर पाक. त्याला ते 'उसाचा मध' म्हणतात. मी बोट लावून चाखलं आणि ह्यांच्याकडं बघितलं. काकवी! घरच्या गुऱ्हाळाची काकवी. ऊस भारतातून इराण, अरबस्तान करत तिकडं पोचला आणि ग्रानादाच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं पिकला. शेवटचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद झाला म्हणतात, पण फ्रिहिलियाना गावात काकवी अजून बनते. आणि वांगं? त्यांच्या 'बेरेन्हेना'चा माग काढत गेलं तर अरबी, फारसी करत संस्कृतापर्यंत येतो. ताटात दोन्ही वस्तू आपल्याच मुलखातून निघालेल्या. रानजाई, सासूबाईंना हे नक्की सांगा.

तिथून आल्पुहारा. सिएरा नेवादा या बर्फाच्या डोंगराची दक्षिणेकडची कूस. पांपानेइरा, बुबिओन, कापिलेइरा अशी तीन गावं एकाच दरीत एकावर एक. रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला कडा. माझा जीव मुठीत, हे मात्र खूश.

बुबिओनमध्ये शिरताना मोबाइलनं आम्हाला एका बोळात घातलं. बोळ अरुंद होत गेला आणि गाडी दोन भिंतींच्या मध्ये अडकली. आरसे मिटले तरी दोन्हीकडं जेमतेम दोन बोटं जागा. दारं उघडत नव्हती. एका घरातून एक आजीबाई बाहेर आल्या, त्यांनी हाक मारली, मग आणखी दोघंजण आले. एक मागं, एक पुढं, हातानं खुणा करत करत वीस मिनिटांत त्यांनी गाडी उलटी बाहेर काढली. एक ओरखडा नाही. आजीबाईंनी आम्हाला घरात नेलं, शेगडीपाशी बसवलं, भाजलेले चेस्टनट दिले.

आणि मी वर बघितलं. लाकडाचे सर, त्यावर दगडी फरश्या, आणि वर गेल्यावर दिसली ती सपाट मातीची गच्ची. अहो, माळवद! आमच्या आजोळी, गेवराईकडं, अगदी असंच माळवद होतं. सागाचे सर, किलचण, वर पांढरी माती. ही मंडळी 'लाउना' नावाची करडी चिकणमाती टाकतात, तीही पाण्याला दाद देत नाही. पावसाळ्याआधी आजी आम्हा नातवंडांना माळवदावर पांढरी माती पसरायला लावायची. मी त्या आजीबाईंना हातवारे करून हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी मला गच्चीवर नेलं, पायानं माती दाबून दाखवली. मी पण दाबली. त्या गच्चीवर मी रडले, हे इथं लिहायला मला संकोच वाटत नाही. आमचं आजोळचं माळवद पाडून वीस वर्षं झाली, आता तिथं पत्र्याचं घर आहे.

आता आसेकिया. डोंगरावरचं बर्फ वितळलं की ते पाणी ओढ्यातून सरळ खाली जाऊ देत नाहीत. उताराला आडवे मातीचे पाट खणलेत, त्यांतून ते मुद्दाम मुरमाड जागी नेऊन सोडतात आणि जिरवतात. याला ते 'कारेओ' म्हणतात. जिरलेलं पाणी डोंगराच्या पोटातून हळूहळू खाली सरकतं आणि उन्हाळ्यात, जेव्हा गरज असते तेव्हा, खालच्या गावांच्या झऱ्यांना येतं. मध्यंतरी माणसं शहरात गेली, पाट गाळानं बुजले. आता ग्रानादा विद्यापीठाची मंडळी आणि गावकरी मिळून फावडी घेऊन ते पुन्हा मोकळे करतायत. आम्ही एका पाटाच्या कडेनं दोन तास चाललो. हे मधेच थांबले आणि म्हणाले, "आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' भिंतीवर लिहिलं. ह्यांनी ते हजार वर्षं केलं."

गोदाकाठ

पैठणहून लिहितोय. ताईंचं वाचताना भरून आलं, पण एक गोष्ट बोलायची आहे. आपल्याकडं काहीच नव्हतं असं नाही. धुळे-नाशिककडं पांझरा खोऱ्यात फड पद्धत होती, गावच पाणी वाटायचं, पाटकरी नेमायचं. आपल्या मराठवाड्यात बारवा होत्या. मोडलं ते नंतर, बोअर आले तेव्हा. ज्यानं खोल पाडला, पाणी त्याचं. आणि आज आमच्या नाथसागराच्या पाण्यासाठी दर दुष्काळी वर्षी वरच्या धरणांशी भांडण कोर्टात जातं. डोंगरातल्या एका ओढ्याचं पाणी वाटणं सोपं. अख्ख्या खोऱ्याचं वाटून दाखवलंय का कुणी?

दूरदेशी_लातूरकर

मी नऊ वर्षं मुर्सियात आहे, म्हणून @गोदाकाठ यांना सांगतो. इथंही तेच भांडण आहे. ताहो नदीचं पाणी आमच्या इकडच्या सेगुरा खोऱ्यात आणणारा सुमारे ३०० किलोमीटरचा कालवा १९७९ पासून चालू आहे. वरच्या कास्तिया-ला मांचातले लोक म्हणतात, आमची धरणं रिकामी करून तुम्ही लिंबं पिकवता. इथले शेतकरी म्हणतात, पाणी थांबलं तर आम्ही संपलो. कोर्ट, मोर्चे, निवडणुका, सगळं त्यावर चालतं. आपण लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलं आहे. 'जलदूत' आली तेव्हा मी तिथंच होतो, आईबरोबर टँकरच्या रांगेत. त्यामुळं इथल्या कुणाची बाजू घ्यायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकू, मुर्सियावरून गेलात आणि कळवलं नाहीत! घरी वरण-भात केला असता.

मोसंबीवाली

अरे, तुझी ओळख आधी असती तर नक्की आलो असतो. मुर्सियावरून सरळ पुढं गेलो, एल्चेला खजुराच्या बनात तेवढे दोन तास थांबलो.

@गोदाकाठ, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्याच बांधाला तीन बोअर कोरडे आहेत आणि चौथा साडेसहाशे फुटांवर. तिकडं सगळं गोड आहे असं मला सांगायचं नाही. आल्मेरियाबद्दल म्हणूनच लिहिते.

एल एहिदोच्या बाजूला प्लास्टिकचा समुद्र आहे. हरितगृहांची पांढरी छतं, तीस हजार हेक्टरच्या वर. युरोपातला सगळ्यात कोरडा भाग, आणि तिथून अर्ध्या युरोपला हिवाळ्यात टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची जाते. ठिबकाची शिस्त बघून हे थक्क झाले, प्रत्येक झाडाचा हिशेब. पण भूजल उपसून उपसून किनाऱ्याकडं समुद्राचं खारं पाणी आत आलंय. आणि आम्ही रस्ता चुकून एका वस्तीपाशी गेलो. लाकडी फळ्या आणि जुन्या प्लास्टिकच्या झोपड्या, त्यात आफ्रिकेतून आलेले मजूर. पाणी कॅनमधून सायकलवर आणत होते. मला आमच्या बीडच्या ऊसतोड्यांच्या कोप्या आठवल्या. माझ्या वर्गातली अर्धी पोरं दिवाळीनंतर त्या कोप्यांत जायची आणि मार्चनंतर परत यायची. आम्ही तिथं थांबलो नाही, फोटो काढला नाही. त्या रात्री हॉटेलात टोमॅटोची फोड समोर आली, ती आमच्या दोघांच्याही घशाखाली नीट उतरली नाही.

रानजाई

ताई, हे लिहिलंत म्हणून आभार. प्रवासवर्णनात कुणी लिहीत नाही. माझे वडील मुकादमाकडं होते.

मोसंबीवाली

शेवटचा भाग. वालेन्सिया.

४ डिसेंबरला गुरुवार होता आणि तो आम्ही जूनपासून नकाशावर लाल खुणेनं धरून ठेवलेला. वालेन्सियाच्या मोठ्या चर्चच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचं कोर्ट भरतं. तुरिया नदीवरच्या आठ पाटांचे आठ पंच, सगळे शेतकरीच, काळे डगले घालून गोलात बसतात. एक माणूस एकेका पाटाचं नाव पुकारतो: या पाटाचा कुणी आरोपी आहे का? कुणी पाणी चोरलं, पाळी मोडली, पाट साफ केला नाही, तर तिथंच उभं राहून तोंडी सांगायचं. वकील नाही, कागद नाही, पंच तिथंच निकाल देतात. निकालावर अपील नाही. ही रीत शेकडो वर्षांची आहे, २००९ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या दिवशी आठही नावं पुकारली गेली, कुणी पुढं आलं नाही, आणि पाच मिनिटांत पंच उठले. भोवतीचे प्रवासी "एवढंच?" म्हणून पांगले. हे मात्र तिथंच उभे. "तक्रार नाही," म्हणाले, "आठ पाटांवर या आठवड्यात एकही तक्रार नाही." आमच्या गावात दोन भावांत एका मोटारीवरून अकरा वर्षं दिवाणी दावा चालू आहे. ते ह्यांचे चुलतभाऊ आहेत.

दुपारी शहराबाहेर संत्र्यांच्या बागांत गेलो. एका बागायतदारानं कुंपणातून आत बोलावलं. मोबाइलवर भाषांतर करत ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खुंटाचा. आपण मोसंबीची कलमं रंगपूर लिंबू नाहीतर जंबेरीवर करतो. त्यांच्याकडं पूर्वी आंबट संत्र्याचा खुंट होता, तो 'त्रिस्तेसा' रोगात बागाच्या बागा मेल्यावर सोडावा लागला, आता दुसरे खुंट वापरतात. डिंक्या रोगाची खूण ह्यांनी खोडावर बोट ठेवून दाखवली, त्यानं मान डोलावली आणि बोर्डो मिश्रणाचा निळा हंडा दाखवला. दोघांच्या चेहऱ्यावर तो आनंद! बाजूच्या बागेत मात्र फळं झाडावरच सुकलेली, गवत कमरेएवढं. विचारलं तर म्हणाला, भाव तोडणीलाही परवडत नाही, पोरं शहरात गेली, बाग सोडून दिली. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर पाइपोर्ता लागलं. २९ ऑक्टोबर २०२४ ला तिथं पूर आला, वालेन्सिया प्रांतात २२० हून जास्त माणसं गेली. वर्ष झालं तरी भिंतींवर छातीच्या वर चिखलाची रेघ दिसत होती, कितीतरी दुकानांची शटरं वाकलेली तशीच. शहर वाचलं, कारण १९५७ च्या पुरानंतर नदीच दक्षिणेकडून वळवली. पण दक्षिणेकडच्या गावांना ओढ्यानं गाठलं. आम्ही गाडी लावून थोडं चाललो. एका दारात एक बाई ओटा धूत होत्या. मी नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले. आमच्या बागेत उभं राहिलेलं पाणी तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होतं.

नवा_चालक

काकू, किती किलोमीटर झाले एकूण?

मोसंबीवाली

सतराशेच्या आसपास. घाईनं चार दिवसांत होतील, आम्ही तेरा दिवस घेतले. रोज दोन-अडीच तासांवर गाडी चालवली नाही. दुपारी दोन ते पाच खेड्यांत सगळं बंद असतं आणि रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळत नाही, म्हणून डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवायचो, पाव-टोमॅटो विकत घ्यायचो. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला अंधार पडतो. डोंगरात अंधार पडल्यावर गाडी नको.

बारवप्रेमी

ताई, तुम्ही त्या पाटावर दोन तास चाललात ते वाचून सांगावंसं वाटलं. आमच्या परभणी जिल्ह्यात वालूरची बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली, बघण्यासारखी आहे. ते बघून आम्ही काही जण दर रविवारी आसपासच्या बारवांत उतरतो. झुडपं तोडायची, गाळ काढायचा. सध्या जिंतूरकडच्या एका बारवेत काम आहे. जालन्याहून दोन-अडीच तास.

कोरडवाहू

मी येतो. धारूरहून लांब आहे पण येतो. आईलाही आणतो, ती म्हणाली पंढरपूर नको, काहीतरी नवीन दाखव.

मोसंबीवाली

ह्यांना आत्ता वाचून दाखवलं. या रविवारी बागेला पहिलं पाणी सोडायचंय, रात्रीची लाईट आहे, म्हणून जमणार नाही. पुढच्या रविवारी सकाळी आठला दोघंही येतो. घमेली आहेत आमच्याकडं सहा. फावडी तुमच्याकडं पुरेशी आहेत, की घेऊन येऊ?